कपाटातली हाडं वाचणारा माणूस

पुणे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. बांधावरच्या भारद्वाजाबद्दल लिहिलेलं पान मी दोनदा वाचलं. पंख असूनही पायी फिरायची त्याची हौस, लांब शेपटी, तांबडाभडक डोळा, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि शेवटी तुझा प्रश्न: "पक्षी म्हणजे डायनोसॉरच, असं हल्ली शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. हे ठरवलं कुणी, आणि कशावरून?" याचं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. निवांत वाच.

आपण बी.एस्सी.ला असताना प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आर्किऑप्टेरिक्स या पुरातन पक्ष्याच्या जीवाश्माचा साचा होता, आठवतो? पंख पसरलेला, तोंडात दात असलेला, मणक्यांच्या लांब शेपटीचा. "सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यातला दुवा" एवढं वाक्य पाठ करून आपण सगळ्यांनी मार्क मिळवले. पण कुठला सरपटणारा प्राणी? पाल? मगर? की भलताच कुणी? ते पुस्तकात नव्हतं आणि आपणही विचारलं नाही. मी स्वतः शिकवायला लागल्यावर मला कळलं की आपण ते वाक्य घोकत होतो त्याच वर्षांत अमेरिकेत एक प्राध्यापक या प्रश्नाचं उत्तर लिहीत होते. त्यांचं नाव जॉन ऑस्ट्रॉम. आधुनिक जीवाश्मशास्त्रात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी हेच नाव घेईन.

जन्म १९२८चा, न्यूयॉर्कचा. वडील डॉक्टर, त्यामुळे मुलानेही डॉक्टर व्हायचं हे ठरलेलं. युनियन कॉलेजात तीच तयारी चालू होती. तिथे उत्क्रांतीचा एक विषय ऐच्छिक म्हणून घेतला आणि जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन या नामवंत जीवाश्मशास्त्रज्ञाचं उत्क्रांतीवरचं पुस्तक हातात पडलं. वैद्यकी तिथेच सुटली. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन कोल्बर्ट यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. हे कोल्बर्ट म्हणजे आपल्या शिवालिक टेकड्यांमधल्या सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवर १९३५ साली जाडजूड ग्रंथ लिहिणारे. त्यासाठीची बरीचशी हाडं बार्नम ब्राउन नावाच्या गृहस्थांनी १९२२च्या सुमारास इथे येऊन गोळा केली होती. ब्राउन यांचं नाव लक्षात ठेव, ते पुढे परत येणार आहेत.

ऑस्ट्रॉम यांच्या प्रबंधाचा विषय होता बदकासारख्या चोचीचे डायनोसॉर. तेव्हा सगळे धरून चालले होते की हे प्राणी दलदलीत पडून राहायचे आणि पाण्यातलं मऊ गवत-शेवाळ खायचे. ऑस्ट्रॉम यांनी जबड्याकडे पाहिलं. शेकडो दात एकमेकांना चिकटून रचलेले आणि झिजून सपाट झालेले. मऊ शेवाळ खाणाऱ्याला एवढी चक्की कशाला हवी? जर्मनीतल्या एका सांगाड्याच्या पोटात सूचिपर्णी झाडांची पानं सापडल्याची जुनी नोंदही त्यांनी पुढे मांडली आणि १९६४ साली लिहिलं की हे प्राणी जमिनीवर चालणारे, कडक झाडपाला चरणारे होते. नवं हाड एकही खणून काढलेलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलेलीच हाडं त्यांनी पुन्हा पाहिली. त्यांचं पुढचं सगळं काम याच वळणाचं आहे, आणि मला त्यांची ओढ वाटते ती यासाठीच.

ब्रुकलिन आणि बेलॉइट इथे शिकवून १९६१ साली ते येल विद्यापीठात आले आणि तिथल्या पीबॉडी म्युझियममध्ये निवृत्तीपर्यंत राहिले. त्या म्युझियमच्या मोठ्या दालनात रुडॉल्फ झॅलिंगर यांनी १९४७ साली पूर्ण केलेलं ११० फूट लांबीचं भित्तिचित्र आहे. जगभरच्या पुस्तकांनी उचललेले डायनोसॉर ते हेच: सुस्त, फुगलेले, शेपटी जमिनीवर ओढत चालणारे. ज्यांच्या हातून हे चित्र जुनं व्हायचं होतं तो माणूस रोज त्याच इमारतीत कामाला येत होता.

तिथल्या तळघरात एकोणिसाव्या शतकातले ऑथनिएल मार्श यांनी जमवलेला खजिना होता. मार्श १८९९ साली वारले तेव्हा त्यांनी डायनोसॉरच्या हाडांच्या काढून घेतलेल्या कितीतरी देखण्या शिळाछापाच्या चित्रांचं प्रकाशन राहूनच गेलं होतं. ऑस्ट्रॉम यांनी जॉन मॅकिन्टॉश यांच्यासोबत १९६६ साली ती चित्रं ग्रंथरूपाने छापली. स्वतःची कीर्ती उभी करायच्या ऐन वयात दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला वेळ देणारी माणसं किती भेटतात, सांग.

आता १९६४चा ऑगस्ट. मोंटाना राज्यात ब्रिजर गावाजवळ क्लोव्हर्ली नावाचे खडक आहेत, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे. खोदकामाचा हंगाम संपत आलेला. ऑस्ट्रॉम आणि त्यांचे साहाय्यक ग्रँट मेयर पुढच्या वर्षी कुठे खणायचं ते बघत एका उतारावरून चालले होते. तेवढ्यात मातीतून वर आलेला पंजा दिसला, नख्यांसकट. दोघंही धावत सुटले. मोठी हत्यारं जवळ नव्हती. खिशातल्या चाकूने त्यांनी उकरायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाय मिळाला, आणि त्या पायाच्या एका बोटावर सुमारे १२ सेंटीमीटरची बाकदार नखी होती.

पुढची दोन-तीन वर्षं तिथे खणणं चाललं. किमान तीन प्राण्यांची मिळून हजाराच्या आसपास हाडं निघाली. १९६९ साली त्यांनी त्याचं नाव ठेवलं डायनोनिकस आणि पीबॉडीच्या ग्रंथमालेत त्याचं हाड न् हाड मोजून लिहिलं. पक्षी बघणाऱ्याला हा ग्रंथ वाचायला फार मजा येईल, म्हणून त्यातलं थोडं सांगतो.

ती मोठी नखी ज्या बोटावर होती ते बोट चालताना वर उचललेलं असे, म्हणजे प्राणी उरलेल्या दोन बोटांवर चालायचा. नखीला जमिनीचा स्पर्शच होऊ द्यायचा नाही, धार जपायची. दोनच पायांवर उभ्या असलेल्या प्राण्याने अशा पायाने शिकार करायची तर त्याला एका पायावर तोल सांभाळता यायला हवा. म्हणून ऑस्ट्रॉम शेपटीकडे वळले. शेपटीच्या प्रत्येक मणक्यातून हाडाच्या लांबच लांब बारीक काड्या पुढच्या कित्येक मणक्यांवरून गेलेल्या होत्या, खराट्याच्या काड्या आवळून बांधाव्यात तशा. त्यामुळे शेपटी ताठ, जमिनीपासून वर, आणि बुडाशी मात्र हलणारी. ओढायची नव्हे, तोल साधायची शेपटी. या दोन निरीक्षणांनी भिंतीवरच्या त्या सुस्त डायनोसॉरांना धक्का दिला. हा प्राणी चपळ होता, धावणारा होता, आणि थंड रक्ताच्या सुसरीच्या हिशेबाने त्याचं आयुष्य समजणार नव्हतं.

ग्रंथातलं धावत्या डायनोनिकसचं चित्र काढलं होतं रॉबर्ट बेकर या त्यांच्या विद्यार्थ्याने. तो पुढे सगळेच डायनोसॉर उष्ण रक्ताचे होते म्हणून जगभर हिरिरीने भांडत राहिला. गुरू मात्र सांभाळून बोलायचे: पुरावा जेवढा आहे तेवढंच म्हणू. मला दोघंही हवेसे वाटतात, पण पक्षी आणि डायनोसॉरचं नातं टिकलं ते गुरूच्या सांभाळून बोलण्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

आता ब्राउन. ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकसशी ताडून पाहण्यासाठी न्यूयॉर्कच्या म्युझियममधले जुने नमुने काढले तर तिथे हाच प्राणी निघाला! बार्नम ब्राउन यांनी १९३१ साली मोंटानातच तो खणून आणला होता, मनातल्या मनात त्याला नावही दिलं होतं, पण त्यावर कधी लिहिलंच नाही. तीसेक वर्षं तो सांगाडा कपाटात पडून राहिला. आणि त्याच नमुन्याच्या एका दगडात पोटाच्या बरगड्यांना चिकटलेलं अंड्याचं कवचही होतं. ते ओळखून प्रसिद्ध व्हायला २००६ साल उजाडलं.

तू शिकरा सरड्याला पायाखाली दाबून धरताना पाहिला आहेस. डायनोनिकसही नखी तशीच वापरत असावा, फाडण्यापेक्षा भक्ष्याला रोखून धरण्यासाठी, असं २०११ सालच्या एका अभ्यासात मांडलं गेलं. एका मोठ्या शाकाहारी डायनोसॉरच्या हाडांजवळ यांची हाडं सापडली म्हणून ते टोळीने शिकार करत, ही ऑस्ट्रॉम यांची कल्पना मात्र आता सगळ्यांना मान्य नाही. आणि हो, "ज्युरासिक पार्क"मध्ये स्वयंपाकघरात पोरांच्या मागे लागलेला तो "व्हेलोसिरॅप्टर" आठवतो ना? खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियाचा, आकाराने मोठ्या टर्कीएवढा. पडद्यावरच्या प्राण्याचा बांधा बेतला होता तो ऑस्ट्रॉम यांच्या डायनोनिकसवरून.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला खरी सांगायची आहे ती पुढची.

डायनोनिकसनंतर ऑस्ट्रॉम उडणाऱ्या सरीसृपांच्या, म्हणजे टेरोसॉरांच्या, अभ्यासासाठी युरोपातली म्युझियमं पालथी घालत होते. सप्टेंबर १९७०मध्ये ते नेदरलँड्सच्या हार्लेम गावातल्या टेयलर्स म्युझियममध्ये पोचले. तिथे बव्हेरियातल्या चुनखडीच्या फरशीवर एक अर्धवट जीवाश्म होता. हर्मान फॉन मायर या मोठ्या जर्मन अभ्यासकाने १८५७ साली त्याला टेरोसॉर म्हणून नाव दिलेलं, आणि ते नाव शंभरावर वर्षं कुणी तपासलेलं नव्हतं. ऑस्ट्रॉम यांना हाडं टेरोसॉरची वाटेनात. त्यांनी फरशी खिडकीशी नेली आणि तिरक्या उजेडात धरली. दगडावर पुसट रेघा उमटल्या. पिसं! त्यांच्या हातात आर्किऑप्टेरिक्स होता, त्या काळी जगात मोजून तीन-चार नमुने माहीत असलेला, आणि तोही लंडनच्या प्रसिद्ध नमुन्याच्या आधी जमिनीबाहेर आलेला.

विनायक, या क्षणी काय करावं? त्यांना तो नमुना अभ्यासासाठी उसना हवा होता. गप्प राहिले असते तर एक किरकोळ टेरोसॉर म्हणून तो सहज मिळाला असता. खरं सांगितलं तर म्युझियम एवढी मोलाची वस्तू कशाला बाहेर जाऊ देईल? ऑस्ट्रॉम यांनी खरं सांगितलं. अधिकाऱ्यांनी फरशी उचलली आणि ते आत निघून गेले. ऑस्ट्रॉम यांना वाटलं, गेली संधी. थोड्या वेळाने ते गृहस्थ परत आले तेव्हा त्यांच्या हातात सुतळीने बांधलेला बुटांचा खोका होता. त्यात तो नमुना होता. तुमच्यामुळे आमच्या म्युझियमचं नाव झालं, घेऊन जा, असं म्हणून त्यांनी तो ऑस्ट्रॉम यांच्या स्वाधीन केला. ही हकिकत मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबायची.

नुसतं नमुना ओळखणं हे मोठं काम नव्हे. मोठं काम पुढे सुरू झालं. सगळ्या जगात त्या घडीला डायनोनिकसचा हात आणि आर्किऑप्टेरिक्सचा हात दोन्ही बारकाईने तपासलेला हा एकच माणूस होता. आणि दोन्ही हात जुळत होते! तीन लांब बोटं, त्यांच्या पेरांची प्रमाणं, आणि मुख्य म्हणजे मनगटातलं अर्धचंद्राच्या आकाराचं एक हाड. या हाडामुळे हात वर-खाली वाकण्याऐवजी बाजूला, कोपराच्या दिशेने मिटतो. घारीला खांबावर बसल्यावर पंख मिटताना बघ, नेमकी तीच हालचाल. शिकार पकडायला पुढे झेपावणारा हात आणि पंखाची फडफड, दोन्हींच्या मुळाशी एकच मनगट.

मग त्यांनी खांदा, कंबर, मांडी, घोटा एकेक करून जुळवत नेलं आणि १९७३पासून लेखांमागून लेख लिहिले. १९७६चा लिनियन सोसायटीच्या नियतकालिकातला दीर्घ लेख हा त्याचा कळस. पक्षी हे छोट्या मांसाहारी डायनोसॉरांपासून आले, हे त्यांनी निःसंदिग्ध मांडलं. बव्हेरियातच १९५१ साली मिळालेला आर्किऑप्टेरिक्सचा आणखी एक नमुना पिसांचे ठसे पुसट असल्यामुळे कितीतरी वर्षं कॉम्प्सोग्नॅथस हा लहानसा डायनोसॉर म्हणून ठेवलेला होता, आणि तोही ओळखू आला तो १९७०च्या सुमारासच. जाणकारांनाही पिसांवाचून फरक कळत नाही, यापेक्षा मोठा पुरावा कुठला? त्या कॉम्प्सोग्नॅथसचाही ऑस्ट्रॉम यांनी १९७८ साली नव्याने अभ्यास केला आणि त्याच्या पोटातली इवली हाडं त्याने गिळलेल्या सरड्याची आहेत हे पक्कं केलं.

पक्षी डायनोसॉरांच्या नात्यातले, ही कल्पना आधीच मांडली होती ती इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ले यांनी, १८६८च्या सुमारास. मग ती मागे का पडली? डेन्मार्कच्या गेऱ्हार्ड हायलमान यांचं १९२६ सालचं पुस्तक त्याला कारण झालं. त्यांनी साम्य सगळं मान्य केलं, पण एक अडचण दाखवली. पक्ष्यांच्या गळ्याखाली खांद्याची दोन हाडं जुळून झालेलं एक दुबेळकं हाड असतं. डायनोसॉरांना ही हाडं नाहीत. गमावलेलं हाड उत्क्रांतीत परत येत नाही. सबब डायनोसॉर पूर्वज नव्हेत. तर्क चोख होता. पण मंगोलियाच्या ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरमध्ये ते दुबेळकं हाड मिळालेलं होतं, १९२४ साली त्याचं चित्रही छापलं गेलं होतं, फक्त खाली नाव भलत्याच हाडाचं होतं. पुन्हा तेच. वस्तू समोर होती आणि चिठ्ठी चुकीची होती.

ऑस्ट्रॉम यांचं सगळं बरोबर ठरलं असं नाही. पंख सुरुवातीला किडे पकडायच्या जाळीसारखे वापरले गेले असावेत ही त्यांची कल्पना टिकली नाही, आणि त्यांनी ती धरूनही ठेवली नाही. विरोधकही कच्चे नव्हते. ॲलन फेडुचिया, लॅरी मार्टिन ही मंडळी नेटाने विचारत राहिली: आर्किऑप्टेरिक्स १५ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोनिकस ११ कोटींचा, नातू आजोबांच्या आधी कसा जन्मला? उत्तर असं की डायनोनिकस आजोबा नव्हेच, चुलत घराण्यातला. दोघांचा मूळ पुरुष आणखी मागे. चीनमध्ये पुढे आर्किऑप्टेरिक्सपेक्षाही जुने पिसांचे डायनोसॉर मिळाले तेव्हा हा आक्षेप विरला.

चीनवरून सांगतो. १९९६च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला जीवाश्मशास्त्रज्ञांचं संमेलन होतं. चेन पेइ-जी या चिनी अभ्यासकांनी लिआओनिंग प्रांतातल्या एका छोट्या डायनोसॉरचा फोटो सोबत आणला होता. सांगाडा सरळसरळ डायनोसॉरचा, आणि मानेपासून शेपटीपर्यंत काठाला गडद तंतूंची झालर. आद्य पिसं. ऑस्ट्रॉम तेव्हा अडुसष्ट वर्षांचे, येलमधून निवृत्त झालेले. फोटो पाहून त्यांच्या पायांतलं बळ गेलं, त्यांना बसावं लागलं. आपल्या हयातीत हे बघायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी खात्री करायला पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचं पथक चीनला गेलं, त्यात ऑस्ट्रॉम होते आणि त्यांचे पक्के विरोधक लॅरी मार्टिनही होते. एकाच टेबलावर, एकाच दगडावर वाकलेले. मला हे फार आवडतं.

शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशाने गेली. १६ जुलै २००५ रोजी कनेटिकटमध्ये ते वारले. व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुजायच्या उंचवट्यांची रांग सापडली ती २००७ साली. तेवढं मात्र त्यांनी पाहायला हवं होतं असं वाटत राहतं. आणि हार्लेमचा तो खोक्यातला नमुना? २०१७ साली जर्मनीतल्या दोघा अभ्यासकांनी तो परत तपासला. त्यांच्या मते तो आर्किऑप्टेरिक्सही नाही, त्याच्या जवळच्या, चीनमध्ये सापडणाऱ्या एका कुळातला पक्ष्यासारखा डायनोसॉर आहे. म्हणजे ऑस्ट्रॉम यांनी लावलेली चिठ्ठीसुद्धा बदलली. नवं नाव त्यांनी ठेवलं ऑस्ट्रॉमिया.

आता तुझ्या दाराशी येतो. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या शेतांत डायनोसॉरची हाडं आणि त्यांच्या शेणाचे दगड मिळतात हे तू ऐकलं असशीलच. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ साली त्या शेणाच्या दगडांवर लिहिलं होतं. २००५ साली भारतीय अभ्यासकांनी असेच दगड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले. डायनोसॉरांच्या काळात गवत होतं हे जगाला कळलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या या दगडांवरून. एवढ्या जवळ राहून तू अजून तिथे गेला नसशील तर दोघं मिळून जाऊ. दिवाळीनंतर मी नागपूरला भाचीकडे येणार आहे, तिथून वरोऱ्याला उतरतो. डायनोनिकसचा १९६९चा ग्रंथ छापून सोबत आणतो. त्यातल्या मनगटाच्या आकृत्या तुला घार दाखवत समजावून सांगायच्या आहेत. तुझी दुर्बीण ठीक करून ठेव, माझीही काच धुरकट झाली आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर